तिसऱ्या रेस्टॉरंटातली संकष्टी

"सोमू, मला तुला एक सांगायचंय," मी म्हणाले, आणि नेमका तेव्हाच काळ्या कोटातला वेटर आमच्या दोघांच्या मध्ये वाकला.

त्याने माझ्यासमोर परातीएवढी पांढरी बशी ठेवली. बशीच्या मधोमध सुपारीएवढं काहीतरी होतं आणि त्याच्यावर एक पान. मग त्याने हात मागे बांधले आणि त्या सुपारीविषयी बोलायला सुरुवात केली. तो जपानीत बोलायचा, सोमू गंभीरपणे मान डोलवायचा आणि मला मराठीत सांगायचा. हे बीट आहे. उत्तरेकडच्या कुठल्याशा बेटावरचं आहे. मिठाच्या कवचात घालून भाजलंय. खाली आहे ते बकरीच्या दुधाचं लोणी. मी आयुष्यभर बीट कुकरमध्ये उकडत आले आणि त्याविषयी कुणाला चार शब्द सांगावेत असं मला कधी वाटलं नाही. वेटरचं बोलणं संपलं तोवर माझं सांगायचं घशातून परत खाली गेलं होतं. बीट एका घासात संपलं.

"काय सांगत होतीस?" सोमूने विचारलं.

"बीट छान आहे," मी म्हणाले.

मला सांगायचं होतं ते असं की मी लग्न करणार होते. वय वर्षं एकोणसाठ, ठाण्याच्या एका शाळेतून भूगोल शिकवून निवृत्त, एकुलता एक मुलगा तोक्योत लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत. अशा बाईने मुलाला हे कुठल्या शब्दांत सांगायचं असतं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. फोनवर सांगणं मला जमलं नाही. म्हणून मी तोक्योला आले होते. सोमू नको म्हणाला तर मी लग्न करणार नव्हते, आणि तसं मी चौबळांना स्पष्ट सांगूनही ठेवलं होतं. ते म्हणाले होते, "तुमचा मुलगा, तुमचा निर्णय." पण म्हणताना त्यांनी चष्मा काढून पुसला होता, आणि तो स्वच्छच होता.

चौबळ शेजारच्या इमारतीत राहायचे. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. आमची ओळख जुनी होती, पण मैत्री झाली ती एका जपानी मालिकेमुळे. वर्गणी त्यांची होती आणि मोठा टीव्ही माझा, एवढ्यावर ती सुरू झाली. ती मालिका तोक्योतल्या एका फ्रेंच रेस्टॉरंटची होती. एक तिरसट शेफ असतो, आणि दर गुरुवारी कोपऱ्यातल्या टेबलावर एकटी येऊन जेवणारी एक बाई असते. ती कधीही काही बोलत नाही, छान नाही की वाईट नाही. शेफ तिच्यासाठी जिवाचं रान करतो आणि ती बिल देऊन निघून जाते. शेवटच्या भागात ती फक्त एवढंच म्हणते की आज मीठ कमी होतं, आणि शेफ हसतो. मालिकाभर पहिल्यांदा हसतो. मी आणि चौबळ तेव्हा सोफ्याच्या दोन टोकांना बसून रडलो होतो.

सोमूला ह्या मैत्रीचं काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं की आई एकटी बसून जपानी मालिका बघते. त्याच्या मनात एक चित्र तयार झालं होतं. विधवा आई, अंधारलेला हॉल, परक्या भाषेतली मालिका. त्याचा जीव तुटला. मग त्याने शोध घेतला. कुठल्याशा जपानी मासिकात आलं होतं की मालिकावाल्यांनी तीन खऱ्या रेस्टॉरंटांवरून आपलं रेस्टॉरंट रचलं होतं. एकाचं स्वयंपाकघर घेतलं, दुसऱ्याचं कोपऱ्यातलं टेबल, तिसऱ्याच्या शेफचा स्वभाव. सोमूने तिन्ही ठिकाणी जागा राखून ठेवल्या, महिनोन्‌महिने आधी. आणि मला तिकीट पाठवलं. थोडक्यात म्हणजे, माझ्या एकटेपणाची दया येऊन माझ्या मुलाने ही सहल आखली होती, आणि मी ती करत होते माझा एकटेपणा संपला हे त्याला सांगण्यासाठी.

पहिलं रेस्टॉरंट, ते बीटवालं, स्वयंपाकघराचं होतं. काचेपलीकडे सगळं दिसत होतं. मालिकेत त्या स्वयंपाकघरात भांडी आपटायची, लोक एकमेकांवर ओरडायचे. इथे बारा-पंधरा माणसं शस्त्रक्रिया चालू असल्यासारखी गप्प उभी होती. मी सोमूला म्हटलं, मालिकेत जास्त आवाज होता. त्याने ते वेटरला सांगितलं. वेटर खिन्न होऊन म्हणाला की सगळे हेच म्हणतात, म्हणून शनिवारी संध्याकाळी ते थोडं ओरडतात. आम्ही मंगळवारी गेलो होतो.

त्या रात्री मी जेवणात चारदा सांगायला सुरुवात केली आणि चारही वेळा बशी आली. फ्रेंच जेवणाचा हा दोष मला कुणी आधी सांगितला नव्हता. आपल्याकडे एकदा ताट वाढलं की वाढलं, माणसं बोलायला मोकळी. इथे दर थोड्या वेळाने एक घास येतो आणि त्या घासाचं चरित्र ऐकावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमू कामावर गेल्यावर चौबळांचा फोन आला. त्यांनी विचारलं, "सांगितलंत?"

"बीट आडवं आलं," मी म्हणाले.

चौबळ हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की उरलेली दोन कधी आहेत.

दुसरं रेस्टॉरंट कोपऱ्यातल्या टेबलाचं. ते टेबल खरोखरच कोपऱ्यात होतं, पण मालिकेत शेजारी खिडकी आणि खिडकीबाहेर झाड होतं, तर इथे शेजारी हात धुण्याच्या खोलीचं दार होतं. टेबलावर पितळेची छोटी पाटी होती. तिथे बसणाऱ्याला वेळ बांधून दिलेली होती, कारण मागे रांग. मी बसले, मालिकेतल्या त्या बाईसारखीच भिंतीकडे पाठ करून, आणि ठरवलं की आता पहिल्या बशीच्या आधीच बोलून टाकायचं.

"हा सीन आठवतो?" सोमू म्हणाला. "ती पहिल्यांदा येते तो?"

"न आठवायला काय झालं? आम्ही केवढे रडलो होतो."

"आम्ही म्हणजे?"

बोलण्याचं दार आपणहून उघडलं होतं. आत पाऊल टाकायचं तेवढं बाकी होतं. मी तोंड उघडलं आणि दोन मुली आमच्यापाशी येऊन कमरेत वाकल्या. त्यांना टेबलाचा फोटो हवा होता. आम्ही दोघं जरा बाजूला झुकलो तर फार उपकार होतील, असं त्या म्हणत होत्या. सोमू चटकन उठला, मीही उठले. आम्ही मायलेक हात धुण्याच्या खोलीच्या दाराला टेकून उभे राहिलो आणि त्या मुलींनी आमच्या रिकाम्या खुर्च्यांचे फोटो काढले. परत बसलो तेव्हा सोमू म्हणाला, "आम्ही म्हणजे कोण?"

"मी आणि टीव्ही," मी म्हणाले. तो माझ्याकडे फार मायेने बघायला लागला. मला स्वतःची लाज वाटली आणि भूकही लागली, कारण मग आलेल्या बशीतला मासा अंगठ्याएवढा होता.

तिसऱ्या रेस्टॉरंटच्या दिवशी सकाळी सोमू बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, "आई, आज संकष्टी आहे हं. मी रेस्टॉरंटला कळवून ठेवलंय. शाकाहारी करणार आहेत, आणि चंद्रोदयानंतर वाढतील."

मी म्हटलं, मग आजचं रद्दच करू या. तो म्हणाला की ही जागा मिळायला केवढा त्रास पडलाय, आणि ते लोक तयार आहेत. शिवाय किती दिवसांनी आपण दोघं एकत्र उपास सोडू. एवढं बोलून तो गेला.

इथे मला संकष्टीचं सांगायला हवं. संकष्टी माझ्या नवऱ्याची, अरविंदची. लग्न होऊन आले तेव्हा तो करायचाच, मग मीही करू लागले. दिवसभर शाळा, संध्याकाळी स्वयंपाक, आणि मग अरविंद गच्चीवरून येऊन "दिसला" म्हणेपर्यंत पोटात कावळे. हे मी लग्नाची सगळी वर्षं केलं. अरविंद अचानक गेला तेव्हा सोमू तोक्योत होता. त्याला विमान मिळेपर्यंत सगळं उरकून गेलं होतं. त्याला वडिलांचं तोंडही दिसलं नाही. परत गेल्यावर त्याने संकष्टी धरली. कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या एका खोलीच्या घरात अरविंदचा फोटो होता, गणपती होता, आणि मोबाइलमध्ये तोक्योचा चंद्रोदय दाखवणारं पंचांग होतं. दर संकष्टीला ठाण्यात चंद्र उगवायच्या वेळी तो मला फोन करायचा. तोवर त्याच्याकडे कधीच उगवलेला असायचा, पण तो माझ्यासाठी उपाशी थांबायचा. "दिसला का?" तो विचारायचा. "दिसला," मी म्हणायचे. मग तो तिकडे खायचा.

मी इकडे जेवून बसलेली असायचे. अरविंद गेल्यावर मी संकष्टी सोडली होती. सोमूचा फोन आला की चौबळ रिमोट उचलून मालिका थांबवायचे, आणि जपानी शेफ तोंड उघडं ठेवून तसाच पडद्यावर राहायचा. चौबळ श्वाससुद्धा हळू घ्यायचे. वयाची पासष्टी उलटलेला सभ्य माणूस, माझ्या सोफ्यावर चोरासारखा बसायचा.

त्या दिवशी दुपारी मी सोमूच्या घराखालच्या दुकानातून अंड्याचं सँडविच आणलं आणि बागेतल्या बाकावर बसून खाल्लं. गणपतीशी माझं काही वाकडं नव्हतं. त्याला माझी बाजू माहीत होती. माझं विमान उद्याचं होतं, आणि सांगायला ही एकच संध्याकाळ उरली होती.

तिसरं रेस्टॉरंट एका पाच मजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. आठ टेबलं, मंद दिवे. पन्नाशीची, केस घट्ट बांधलेली एक बाई वाढायला होती. तिने आम्हाला बसवलं, ब्रेडची टोपली आणि लोणी ठेवलं, आणि सोमू काहीतरी म्हणाला तशी दचकून टोपली उचलायला लागली. मी टोपलीवर हात ठेवून म्हटलं, असू दे. मग शेफ स्वतः बाहेर आला.

हिरानो त्याचं नाव. मालिकेतल्या शेफने स्वभाव घेतला तो याचा. बुटका, गोल चेहऱ्याचा माणूस, आणि कपाळाला भयंकर आठ्या. मला क्षणभर मालिकेतच गेल्यासारखं वाटलं. नंतर सोमूने सांगितलं की हिरानो मुळात हसतमुख आहे. मालिकावाल्यांना तो भेटला त्या दिवशी त्याची दाढ दुखत होती. मालिका गाजल्यावर लोक तिरसट शेफ बघायला येऊ लागले आणि हसरा शेफ बघून निराश होऊन जाऊ लागले, तेव्हापासून तो बाहेर येताना आठ्या घालून येतो.

आठ्या घालूनच त्याने सोमूला प्रश्न विचारले. सोमू मला भाषांतर करून सांगत होता. चंद्र डोळ्यांनी दिसावा लागतो की वेळ झाली की पुरे? सोमू म्हणाला, दिसावा लागतो. मला अरविंद आठवला. ढग असले की तो दिनदर्शिकेतली वेळ बघायचा आणि ताटावर बसायचा. मुलगा बापापेक्षा कडक निघाला होता. मग हिरानोने विचारलं, कुठल्या दिशेला उगवेल? पूर्वेला, मी मराठीत म्हणाले, आणि ते त्याला भाषांतराशिवाय कळलं, कारण मी बोटही दाखवलं होतं. पूर्वेला समोरच एक उंच इमारत होती. हिरानोच्या आठ्या आता खऱ्या झाल्या. त्याने त्या बाईला सांगितलं की दर थोड्या वेळाने गच्चीवर जाऊन बघायचं, आणि दिसला की लगेच खाली यायचं. आमचं जेवण त्याने मागे ठेवलं.

आणि मग कुणीच आलं नाही. बाकी सात टेबलांवर बशा जात होत्या, बशांची चरित्रं सांगितली जात होती, आणि आमच्या टेबलावर शांतता होती. तीन रेस्टॉरंटांत पहिल्यांदाच आमच्या मध्ये कुणी वाकत नव्हतं. देवाने मला उपासाच्या निमित्ताने एक अख्खा तास मोकळा करून दिला होता, आणि मी तो ब्रेडची टोपली इकडची तिकडे करण्यात घालवत होते.

सोमूच बोलायला लागला. तो बापासारखा अबोल आहे, पण त्या दिवशी बोलला. म्हणाला, बाबा गेले तेव्हा मी विमानतळावर बसलो होतो. शेजारी एक माणूस नूडल्स खात होता. मला भूक लागली होती आणि भूक लागल्याचा राग येत होता. मग इकडे परत आल्यावर संकष्टी आली आणि मी दिवसभर काही खाल्लं नाही, तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं.

"आणि तू तिकडे करतेस ना," तो म्हणाला, "त्याचं मला फार बरं वाटतं. बाबांचं काहीतरी आपण दोघं मिळून अजून करतोय. नाहीतर काय राहिलंय?"

त्याचे डोळे भरले होते. आता बोलणं अशक्य झालं, असं मला वाटलं. आणि आता नाही बोलले तर हा मुलगा जन्मभर माझ्या खोट्या भुकेवर जगेल, असंही वाटलं. मला तेव्हा मुळीच भूक नव्हती. मी टोपलीतला ब्रेड घेतला, त्याला लोणी लावलं, आणि खाल्ला.

सोमू बघत राहिला. "आई, चंद्र अजून..."

"माहीत आहे."

"विसरलीस का?"

बिचाऱ्याने मला पळायला वाट करून दिली होती. अगंबाई, विसरलेच, म्हटलं असतं तर तो हसला असता, गणपतीची माफी मागितली असती आणि सगळं पूर्ववत झालं असतं. मी घास गिळला.

"नाही विसरले. मी संकष्टी करत नाही."

"कधीपासून?"

"बाबा गेल्यावर पहिली आली, तेव्हापासून."

"मग फोनवर?"

"फोनवर तू विचारायचास चंद्र दिसला का. चंद्र दिसायचा."

"का सोडलीस?"

हा प्रश्न तो विचारणार हे मला माहीत होतं आणि उत्तरही माझ्याकडे होतं. अरविंद गेल्यावर दहाव्या की अकराव्या दिवशी त्याच्या ऑफिसातले चार सहकारी भेटायला आले होते. भली माणसं. गेलेल्या माणसाच्या आठवणी काढाव्यात तशा काढत होती. त्यातले एक गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, संकष्टीला कँटीनमध्ये मिसळ बंद ठेवायचे, तर साहेब आदल्या दिवशीच सांगून ठेवायचे. त्यांच्यासाठी वेगळी व्हायची. तर्री जास्त. वर्षानुवर्षं कधी चुकली नाही." बाकीचे तिघं मान डोलवत होते. मी त्यांना चहा दिला. साखर किती विचारली. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले आणि माझ्या सगळ्या संकष्ट्या आठवल्या. पाचव्या तासाला नकाशा काढताना हात थरथरायचे त्या, सोमूच्या वेळी पोटुशी असतानाची, तापातली. मला त्याच्या मिसळीचा राग नव्हता. मला एकदा म्हणाला असता तर आम्ही दोघांनी मिळून खाल्ली असती.

सोमू उत्तराची वाट बघत होता. त्याच्याकडे बापाचा एक फोटो होता आणि एक उपास. त्यातला उपास काढून घेण्याचा मला काय अधिकार?

"भूक लागते रे," मी म्हणाले.

हे उत्तर त्याला पटलं नाही, पण त्याविरुद्ध बोलण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी थांबले असते तर पुन्हा सुरू करू शकले नसते, म्हणून तशीच पुढे गेले. "आणि दुसरं. मला लग्न करायचंय. चौबळ म्हणून आहेत, शेजारच्या बिल्डिंगमधले. ती मालिका मी त्यांच्याबरोबर बघितली. एकटीने नाही बघितली. तू नको म्हणालास तर नाही करणार."

"ते स्कूटरवाले?"

"विकली आता स्कूटर."

सोमूने समोरचा रिकामा पेला थोडा डावीकडे सरकवला, मग परत होता तिथे आणला. मला वाटलं, संपलं. ठाण्याला गेल्यावर चौबळांना काय सांगायचं, त्याची वाक्यं मी मनात जुळवायला लागले. माझ्या लक्षात आलं की ती जुळत नाहीत. मी किती सहज म्हटलं होतं की मुलगा नको म्हणाला तर नाही करणार, आणि आता त्या नकोच्या समोर बसल्यावर मला रडू येत होतं.

तेवढ्यात ती केस बांधलेली बाई धावत आली. अशा ठिकाणी धावत नसतात, पण ती धावत आली आणि तिने आमच्यासमोर येऊन बोट वर केलं. मागोमाग हिरानो. तो आठ्या घालायला विसरला होता. त्याचा सगळा चेहरा हसत होता आणि इतर टेबलांवरचे लोक निराश होऊन त्याच्याकडे बघत होते. आम्हाला उठावंच लागलं. एक अरुंद जिना चढून आम्ही गच्चीवर गेलो, मी, सोमू, शेफ आणि ती बाई.

समोरच्या उंच इमारतीच्या कडेला, पाण्याच्या टाकीशेजारी, तो निघाला होता. एका बाजूने किंचित झिजलेला, पिवळट. हिरानोने तो आम्हाला असा दाखवला जसा काही त्यानेच तयार करून मागवला होता. सोमूने हात जोडले आणि डोळे मिटले. त्याला पाहून हिरानोने आणि त्या बाईनेही जोडले. मी एकटीच हात मोकळे सोडून उभी होते. माझा मुलगा कुणाशी बोलत होता, गणपतीशी की बापाशी, ते मला कळत नव्हतं. बराच वेळ बोलत होता.

डोळे उघडले तरी तो माझ्याकडे वळला नाही. चंद्राकडे बघतच त्याने विचारलं, "ते करतात का?"

"कोण? काय?"

"चौबळ. संकष्टी."

मला वाटलं होतं तो विचारेल की लोक काय म्हणतील, घराचं काय, बाबांच्या फोटोचं काय. रात्री अंथरुणावर पडून मी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार केलं होतं. हा एकच प्रश्न माझ्या तयारीत नव्हता. चौबळांना अल्सर आहे. डॉक्टरांनी त्यांना दर दोन तासांनी थोडं खायला सांगितलंय. खिशात कायम बिस्किटाचा पुडा असतो, चित्रपटगृहात त्याचा आवाज होतो. चतुर्थी कुठली आणि एकादशी कुठली हेही त्यांना सांगता येत नाही.

नऊ वर्षं झाली त्याला, पण तो क्षण मला स्पष्ट आठवतो. त्या संध्याकाळी मी केवढं खरं बोलून बसले होते. एक अर्धं खरं गिळलं होतं, ते मुलासाठी. आता हा मुलगा हातात उरलेलं एकच सूत पुढे करून विचारत होता, हे धरायला दुसरं कुणी आहे का.

"करतात," मी म्हणाले. "कडक करतात."

सोमूने मान हलवली. "मग ठीक आहे," तो म्हणाला.

खाली आल्यावर आम्ही जेवलो. आठ बशा आल्या आणि आठही बशांची माहिती ऐकली. सोमू एकेक पदार्थ मला समजावून सांगत होता. एकदा भोपळ्याविषयी सांगताना त्याचा आवाज बसला, तेव्हा मी पाणी पुढे केलं. तो पाणी प्यायला आणि भोपळ्याचं उरलेलं सांगितलं. मी सगळं ऐकलं.

सकाळी चौबळांचा फोन आला. मी सांगितलं की तो हो म्हणाला. पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले की त्यांना जरा खाली बसावं लागलं. बसले आहात ते बरंच आहे, असं म्हणून मी त्यांना पुढचं सांगितलं.

"किती वेळा येते ही?" त्यांनी विचारलं.

"महिन्यातून एकदा."

"दर महिन्याला?"

"हो."

"आणि अंगारकी? ती वेगळी की ह्यातच धरायची?"

"ह्यातच."

मी म्हटलं, चौबळ, तुमची तब्येत मला माहीत आहे, मी त्याला खरं सांगून टाकते. ते घाईघाईने नको म्हणाले. डॉक्टरांना विचारून बघतो, दूध-केळं चालत असेल तर भागेल. आणि मग म्हणाले, "शैलजाबाई, तो फोन करेल तेव्हा खोटं नको बोलायला आपण. झालं तेवढं पुरे."

दर संकष्टीला चंद्रोदयाच्या वेळी सोमूचा फोन आता त्यांना येतो. दोघं काय बोलतात मी ऐकत नाही. मी उपास करत नाही, आणि ते सोमूला माहीत आहे. चौबळ करतात. निवृत्त माणूस, दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असतो. दूध आणि केळं सोडून काही खात नाही. मी बघितलंय.